वरचा रुपया

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. कुठे वेलांटी उलटी पडली असेल, कुठे मात्रा राहून गेली असेल. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने सांभाळून घ्यावं. चौथीनंतर मी पेन धरलं ते सही करण्यापुरतं. नातीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून ती सुईदोऱ्याने शिवली आहेत आणि दुपारी घरातली माणसं आडवी झाली की लिहिते. चारचौघांत बोलायला मी लहानपणापासून घाबरते. दुकानात साखर मागतानासुद्धा माझा आवाज बसतो. पण माझं अक्षर नेहमीच असं नव्हतं. दहा वर्षांची असताना मी दोनशे साठ पावत्या लिहिल्या होत्या आणि त्यातली एकही 'वाचता येत नाही' म्हणून परत आली नव्हती. ते अक्षर कुणी मोडलं, तेवढं मला लिहून ठेवायचं आहे.

माझे वडील गोमा, ग्रामपंचायतीचे शिपाई. गावातल्या खांबांवरचे दिवे लावायचे, पाण्याची टाकी धुवायची, घरपट्टी गोळा करायची आणि दवंडी द्यायची, ही त्यांची कामं. दवंडीला पंचायतीचा ढोल नव्हता. आईने लग्नात माहेरून आणलेली पितळेची थाळी होती, ती ते बाभळीच्या काठीने वाजवायचे. थाळीची एक कड पार चेपली होती. आई म्हणायची, "माझ्या बापानं जेवायला दिली थाळी, न् तुमी गावभर बडवता." बाबा म्हणायचे, "बडवतो म्हनून गाव जेवतंय. नायतर कुनाला कळलं असतं रेशन आलंय ते?" मग आई हसायची. आमचं घर कुडाचं, पुढे ओटी, मागे वालाचा वेल चढवलेला मांडव. पहाटे आईची तांदळाची भाकरी थापायचा आवाज यायचा, पाण्याचा हात आणि पिठाचा हात, एक ओला आवाज आणि एक कोरडा. चुलीवर सुकट भाजली की शेजारचं मांजर आमच्या उंबऱ्यात येऊन बसायचं. ओटीवर खुंटीला थाळी टांगलेली असायची आणि सकाळचं ऊन तिच्यावर पडलं की समोरच्या भिंतीवर एक गोल कवडसा हलायचा. मी त्या कवडशाला हात लावून शाळेत जायचे.

शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकायचं तर नेरळला जायचं, आणि तेवढं चालत मुलींना कोण पाठवणार? म्हणून कर्जतचे नाना जीपमधून गावात आले आणि म्हणाले की मी संस्था काढतो, इथेच पाचवी ते सातवी सुरू करतो, तेव्हा आमच्या घरी सणासारखं झालं होतं. नानांची कर्जतला भाताची गिरणी होती. आमच्या भागातलं बरंचसं भात त्यांच्याकडेच जायचं. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं सावकाश. त्यांनी कधी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. हे मुद्दाम लिहिते.

मारुतीच्या देवळात सभा भरली. आम्ही मुलं आणि बायका खांबांच्या मागे बसलो. नाना म्हणाले की संस्था मास्तर आणेल, सरकारची मान्यता आणेल, पण इमारतीला गावाने हात लावला पाहिजे. पंचायतीने घरपट्टीबरोबर शाळापट्टी बसवावी, घरटी दहा रुपये. तेव्हा दहा रुपये म्हणजे थोडे नव्हते. धर्माकाका म्हणून एक तोंडाळ म्हातारा होता, तो उठला.

"नाना, शाला कुनाची?"

"संस्थेची."

"न् संस्था कुनाची?"

"संस्था कुणाची नसते, धर्मा. सगळ्यांची असते."

"सगल्यांची तर कागदावर आमचं नाव टाका. पट्टी आमची, न् दारावर पाटी तुमची, ह्ये कंचं?"

लोक हसले. नानाही हसले. "तुझी नातवंडं फुकट शिकतील, हे लिहून देतो."

"ज्याला पोरंच नाय त्यानं का द्यावं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्यानं दुसऱ्याच्या पोराकडून कागद वाचून घ्यावा," धर्माकाकाच वळून म्हणाला, "पर नाना, शाला उद्या बंद पडली तर इमारत कुनाची?" नानांनी सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी विषय छपराकडे नेला. भिंती दहात होतील, पण पत्र्याचं काय? अर्धा तास पत्र्यावर गेला. गवताने शाकारावी असं काही म्हणाले, काही म्हणाले आपल्या पोरांनी काय गोठ्यात शिकायचं? शेवटी पत्र्याचे चार वाढवून घरटी चौदा रुपये ठरले. तेवढ्यात खांबामागून आई बोलली. ती सभेत कधी बोलत नसे. पदर तोंडापुढे धरून ती म्हणाली, "पोरींनापन घेनार काय?"

नानांनी मान वळवून पाहिलं. "पोरींना आधी," ते म्हणाले.

आईने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडीचा वळ उठला.

बाबांना अंक कळत, अक्षरं कळत नसत. नेहमीच्या घरपट्टीच्या पावत्या ग्रामसेवक लिहायचे, पण ते चार गावांचे होते, आठवड्यातून एकदा यायचे. म्हणून शाळापट्टीचं पुस्तक त्यांनी सही-शिक्के मारून बाबांकडे दिलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. भात विकून लोकांच्या हाती पैसे आले होते. शाळा सुटली की मी आणि बाबा निघायचो. बाबा कोपऱ्यावर थाळी वाजवायचे, "ऐका हो ऐका, शालापट्टी आली हो," आणि मी दप्तरात पावतीपुस्तक धरून त्यांच्या मागे. मला बोलावं लागत नसे. बाबा विचारायचे, मी लिहायचे. घराघरांत ताक मिळायचं, कुठे भाजलेल्या वालाच्या शेंगा. वाडीवरच्या लोकांनी चौदा रुपये सगळे नाण्यांत दिले, आणि त्या नाण्यांना मोहाच्या फुलांचा वास होता. एका विधवेने दहा आज आणि चार पुढच्या आठवड्यात दिले. मी पावती पुढच्या आठवड्यातच फाडली, तर बाबा म्हणाले, "बराबर केलंस. पुरं आल्याबिगर पावती नाय." धर्माकाकाने सगळ्यात शेवटी दिले. पैसे मोजून बाबांच्या हातावर आपटले आणि मला म्हणाला, "लिव गं यमे, माजं नाव ठलक लिव. उद्या शालेला आग लागली तर म्हनायला नको धर्मानं दिलं नवतं."

दोनशे साठ घरं. शेवटची पावती फाडली त्या रविवारी दुपारी आम्ही ओटीवर सारवलेल्या जमिनीवर पैसे मांडले. दहांचा ढीग, पाचांचा, एकांचा, नाण्यांच्या चवडी. आई दाराला कडी घालून उंबऱ्यात बसली. मी पाटीवर गुणाकार केला, बाबांनी हाताने मोजले, दोन्ही जुळले. तीन हजार सहाशे चाळीस.

बाबा ढिगाकडे बघत राहिले. म्हणाले, "शून्यावर नको थांबाया. शाला उभी ऱ्हायची हाय, वर एक पायजे." आमच्याकडे शुभकामाला कुणी शंभर देत नाही, एकशे एक देतो. लग्नाचा आहेर असो की देवळाची वर्गणी, वरचा रुपया पाहिजेच. वरचा रुपया म्हणजे पुढे चालू राहो. पण बाबांकडे रुपया नव्हता, त्यांचा पगार दोन महिने आला नव्हता. माझ्याकडे होता. भाऊबीजेला मामा आला होता, त्याने दिलेला, पावडरच्या डब्यात ठेवलेला. पाचवीला शाईचं पेन घेणार होते मी. बाबा म्हणाले, "दे गं यमे, उधार. शाला तुजीच हाय." मी डबा आणून तो रुपया सगळ्यात वरच्या चवडीवर ठेवला. खरं सांगते, देताना मला वाईट वाटलं नाही. तो वर चमकत होता आणि मला वाटलं, शाळेचा कळस मीच लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्जतला गिरणीवर गेलो. सरपंचांनी सांगितलं होतं, पैसे थेट नानांकडे पोचव, पंचायतीत ठेवायला तिजोरी नाही. गिरणीत कोंडा उडत होता, नाना गादीवर बसले होते. बाबा उभे राहिले, मी त्यांच्या मागे. नानांनी अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या, नाणी मोजली.

"तीन हजार सहाशे एकेचाळीस. हा एक वर कसा काय?"

"शुभाचा, नाना. पोरीचा हाय."

"अस्सं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हुशार दिसते." गल्ला उघडला, पैसे आत ठेवले, गल्ला लावला. माझ्या दप्तरात पावतीपुस्तक होतं, त्यात अजून कोरी पानं होती. मी बाबांच्या सदऱ्याला मागून ओढलं. ते हलले नाहीत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, पावती?"

बाबा रस्त्यातच थांबले. "नानांकडं पावती मागू? खुळी का काय तू? मानूस आपल्या पोरांसाठी शाला बांधतोय, न् मी त्याला म्हनू लिवून द्या?"

दोनशे साठ माणसांना पावती दिल्याशिवाय ज्याने त्यांच्या दारातून पाऊल उचललं नाही, तो माझा बाप मोठ्या माणसाकडून पावती मागायला लाजला. आमच्या लोकांची चूक ही एवढीच. आम्ही गरिबाला पावती देतो आणि मोठ्या माणसाला भरवसा देतो.

भाताची लावणी उरकल्यावर देवळात पुन्हा सभा बसली. धर्माकाकाने विचारलं, पट्टी जाऊन इतके महिने झाले, पाया कुठाय? नाना उठले आणि नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाले, "मीही तेच विचारायला आलो. पंचायतीकडून अजून काही आलं नाही."

मला आठवतं ते एवढंच की देवळातली घंटा कुणीतरी मघाशी वाजवली होती आणि तिची साखळी अजून हलत होती. बाबा पुढे गेले. "नाना, असं काय करता? म्यां दिलं ना तुमच्या हातात. गिरनीवर. तुमी मोजलं."

"गोमा, मी तुला चोर म्हणत नाही. कुठे ठेवले असशील, कुणाला दिले असशील, तर आठव. माणसाला अडचण येते."

"पोरगी व्हती संगं! तिला इचारा!"

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. सरपंच म्हणाले, "बोल गं यमे. कुनाला दिलं पैसं?" बाबा म्हणाले, "सांग, बाय. घाबरू नको." आई मागून ढकलत होती. नाना माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, एखाद्या हुशार मुलीकडे बघावं तसे. माझ्या तोंडात सगळे शब्द होते. गिरणी, गादी, गल्ला, एकेचाळीस. ओठ उघडले आणि आवाज आलाच नाही. कुणीतरी म्हणालं, "पोरगी बापासाठी खोटं बोलत नाय, तेवढं बरं हाय." आणि सभा तिथे संपली.

आज माझी सून म्हणते, "आई, तुमी दहा वर्षांच्या व्हता, काय दोष तुमचा?" तिला काय सांगू? तो दोष मी नानांच्याच नावावर लिहिला. माझ्या आवाजाचे पैसेसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायचे, असं मी त्या दिवशी ठरवलं.

नानांनी पोलिसांत जाऊ दिलं नाही. गावाची बदनामी नको, म्हणाले. गोमाने पैसे भरून द्यावेत, आणि लोकांना कळावं म्हणून दवंडी द्यावी. दवंडी देणारा गावात एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खुंटीवरची थाळी काढली. मी आणि आई दार लावून आत बसलो. आवाज आधी वरच्या आळीतून आला, मग विहिरीजवळून, मग आमच्याच कोपऱ्यावरून. "ऐका हो ऐका. गोमा शिपायाकडून शालापट्टीचं पैसं गहाल झालं हो. तो दिवालीच्या आत भरून देनार हाय हो." प्रत्येक कोपऱ्यावर तेच, त्याच सुरात, रेशन आल्यासारखं. घरी आले तेव्हा आईने थाळी त्यांच्या हातातून घेतली, राखेने घासली, फडक्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. त्या दिवसानंतर भिंतीवरचा कवडसा गेला.

नदीकडची भाताची दोन खाचरं विकली, म्हैस विकली, आईची ठुशी विकली. दिवाळीच्या आधी तीन हजार सहाशे चाळीस पंचायतीत भरले आणि त्याच दिवशी बाबांची नोकरी गेली. ते पैसे संस्थेकडे गेले आणि शाळा बांधली गेली. भिंती दगडी, छपराला पत्रा. पाचवीत नाव घालायला आई मला घेऊन गेली तर हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमची मुलगी घेतली तर गाव काय म्हणेल मला?" आईने त्यांना नानांच्या 'पोरींना आधी'ची आठवण करून दिली नाही. परत येताना आम्ही बांधावरून आलो, रस्त्याने नाही.

तीन वर्षांनी शाळेचा मोठा समारंभ ठरला, पुढारी येणार होते. अंगण सारवायला आणि ओटा धुवायला रोजावर बायका लावल्या, त्यात आई आणि मी होतो. ओट्याच्या भिंतीत संगमरवराचा दगड बसवला होता, त्यावर देणगीदारांची नावं. मला म्हणाले, ओल्या फडक्याने पूस, चुन्याचे डाग काढ. मी वरून पुसायला लागले. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत नानांच्या आईचं नाव, कैलासवासी, तिच्या स्मरणार्थ चिरंजीव नानासाहेब यांजकडून, आणि पुढे रुपये ३६४१. खाली बाकीचे, १००१, ५०१, २५१, १०१.

मी फडकं धुऊन आणलं आणि आकडा पुन्हा पुसला. जगात कोण तीन हजार सहाशे एकेचाळीस देणगी देतो? गावाची पट्टी त्यांनी आपल्या नावावर घातली होती, आणि घालताना माझा रुपयासुद्धा सोडला नव्हता.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते भाकरी खात होते. घास चावून संपवला, पाणी प्यायले, म्हणाले, "गप ऱ्हा. तवा बोलली असतीस तर खरं व्हतं. आता बोललीस तर म्हनतील चोराची पोरगी बनवून सांगतेय." मग भिंतीला टेकून म्हणाले, "माजा हिशोब बराबर व्हता, एवढं तुला कळलं ना? बास." त्यांना ते पुरलं. मला नाही. ते गेले तेव्हा त्यांना खांदा द्यायला मोजकी माणसं आली.

माझं लग्न गावातच, खालच्या आळीत झालं. नवरा मोहोपाड्याला कारखान्यात, आठवड्याने यायचा. पोरं थोडी मोठी झाल्यावर नानांच्या शाळेत झाडलोट आणि पाणी भरायला बाई हवी होती, ती नोकरी मी मागून घेतली. गावात म्हणायचे, बापानं खाल्लं, लेक झाडून फेडतेय. म्हणू दिलं. तीस वर्षं मी तो ओटा झाडला. दरवर्षी झेंडावंदनाच्या आधी दगड धुवायचे आणि अक्षरांत काळा रंग भरायचे. बाकीच्या नावांचा रंग उडू दिला, वरचा आकडा कधी फिका पडू दिला नाही. एकदा रंगारी दगडावरून चुना मारणार होता, मी बादली घेऊन आडवी उभी राहिले. नाना स्वतः एकदा म्हणाले, "यमुना, तुझी या शाळेवर फार भक्ती आहे." मी मान हलवली. लोक देवासमोर दिवा तेवत ठेवतात, तसा मी तो आकडा ठेवला होता.

आता हे अलीकडचं. आमच्याकडे शेतांत बंगले झाले, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. बंगल्यांची घरपट्टी पंचायतीला चांगली येते. नानांचा मुलगा अविनाश आता संस्था बघतो. त्याने पंचायतीपुढे मागणी ठेवली. गावच्या जुन्या, चौथीपर्यंतच्या मराठी शाळेत मुलं उरली नाहीत, ती इमारत आणि मैदान संस्थेला द्या, संस्था इंग्रजी शाळा काढेल. घरपट्टी वाढवा आणि वाढीतला अर्धा वाटा दरवर्षी शाळेला द्या, गावातल्या काही मुलांना फी माफ. पंचायतीच्या हॉलचं काम चालू होतं म्हणून ग्रामसभा नानांच्या शाळेच्या ओट्यावरच भरली. मी सकाळी दगड धुतला. रंग सुकायला वेळ दिला.

नानांना खुर्चीतून आणलं, पंच्याऐंशीच्या पुढचे, कान चांगले. त्यांची खुर्ची बरोबर दगडाखाली ठेवली होती. अविनाश माईकवर छान बोलला. एक तरुण बाप उठला, "माझी पोरगी रोज व्हॅनने बदलापूरला जाते. सकाळी सहाला उठवतो तिला. गावात शाळा झाली तर काय वाईट हाय?" खोटं नव्हतं त्याचं. दुसरा म्हणाला, "पट्टी वाढली की भाडोत्री ओरडणार, बंगलेवाला नाय." मराठी शाळेच्या बाई उठल्या, "वाडीवरची अठरा मुलं आहेत माझ्याकडे. फीमाफीच्या यादीत ती येतील का? ती कुठे जातील?" अविनाश म्हणाला, "बाई, संस्था सगळ्यांची असते."

हे वाक्य मी ओळखलं. झाडू बाजूला ठेवला आणि उभी राहिले. सरपंच प्रणाली, माझ्या चुलतभावाची सून, चकित झाली. "आत्या, तुमाला बोलायचंय?" मी मान हलवली. तिने माईक पुढे केला, मी घेतला नाही. पण आवाज आला.

"बाई," मी मराठी शाळेच्या बाईंना म्हटलं, "त्या दगडावरचा वरचा आकडा वाचा."

"तीन हजार सहाशे एकेचाळीस."

"ही शाला बांदली तवा गावात दोनशे साठ घरं. घरटी चौदा रुपये शालापट्टी. करा कुनीतरी गुनाकार."

पोरांनी मोबाईल काढले. त्यांच्या आधी मागून एक म्हातारी म्हणाली, "छत्तीसशे चालीस. माज्या सासऱ्यानं भरलं व्हतं." मग सगळ्या माना दगडाकडे वळल्या. दगडावर एकच रुपया जास्त आहे, हे ज्याचं त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"वरचा माजा हाय," मी म्हटलं. "भाऊबीजेचा. नाना, तुमी इचारलं व्हतं, हा एक वर कसा काय. माज्या बापानं सांगितलं, पोरीचा हाय. आठवतं का?"

अविनाश म्हणाला, "काकू, इतक्या जुन्या गोष्टी…" पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते. नानांनी मान मागे टाकून दगडाकडे बघायचा प्रयत्न केला, मान वळेना.

"रुपया का लिवला, नाना?" मी विचारलं. "छत्तीसशे लिवलं असतं, चार हजार लिवलं असतं, तर मला तोंड उघडता आलं नसतं."

प्रणालीने माईक नानांपुढे धरला. ते नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाले, "आकडा आहे तसा लिहायची सवय आहे मला."

ते स्वतःच्या तोंडाने बोलले. माईक त्यांच्यासमोरच होता, सगळ्या आळ्यांनी ऐकलं. म्हातारा माणूस, दया यायला हवी होती. आली नाही. मला आतून गार वाटलं, उन्हातून येऊन माठाचं पाणी प्यावं तसं.

ठराव बारगळला. व्हॅनवाल्या बापानेही हात वर केला नाही. संध्याकाळी अविनाश घरी आला, म्हणाला, "काकू, त्या खाचरांची आजची किंमत काढू. वकील बसवू. तुम्ही म्हणाल ते." आमच्या भागातल्या जमिनीचे भाव मला माहीत आहेत. माझ्या मुलाचे डोळे लकाकले. मी म्हटलं, "तेवढंच. दगडावर हाय तेवढंच. पर माज्या बापाच्या जोत्यावर आनून द्यायचं, न् आदी दवंडी."

"दवंडी? ग्रुपवर टाकतो ना."

"थाली मी वाजवीन. बोलायचं तुमी."

त्याला निवडणूक लढवायची होती, नाही म्हणता येईना. बाबांचं घर पडलं तेव्हा आणून माझ्या माळ्यावर ठेवलेली आईची थाळी काढली, फडकं कुजलं होतं, थाळी तशीच होती. मी पुढे, तो मागे. वरची आळी, विहीर, आमचा कोपरा. मी थाळीवर काठी मारायचे आणि थांबायचे. पहिल्या कोपऱ्यावर तो पुटपुटला. मी पुन्हा मारली. "ऐकू नाय आलं," ओटीवरून कुणीतरी म्हणालं. मग तो मोठ्याने बोलला, "गोमा शिपायानं शाळापट्टीचे सगळे पैसे दिले होते. ते माझ्या वडिलांनी स्वतःच्या नावावर घातले." पाच कोपऱ्यांवर पाच वेळा. मे महिन्याचं ऊन होतं, त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मला घाई नव्हती.

बाबांचं घर आता नाही, दगडी जोतं तेवढं आहे. मी त्यावर बसले. सोबत तांब्या नेला होता. त्याच्यासमोर मी पोटभर पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि तांब्या माझ्या बाजूला ठेवला. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. मी विचारलं नाही.

त्याने पाकीट दिलं. मी अंगठा जिभेला लावून मोजले. तीन हजार सहाशे चाळीस.

"एक कमी हाय," मी म्हटलं.

"सुट्टा नाही हो काकू. हे दहा ठेवा."

"दहा माजं नाय."

तो उन्हात दुकानापर्यंत गेला. मी जोत्यावर बसून राहिले. परत आला, धापा टाकत, आणि एक रुपयाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते सगळ्या नोटांच्या वर ठेवलं. मग पिशवीतून कागद-पेन काढलं आणि माझ्या या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: गोमा शिपाई यांचे रुपये तीन हजार सहाशे एकेचाळीस पूर्ण मिळाले. खाली सही केली आणि पावती त्याच्या हातात दिली.